मंडळात दर वेळी तीच ती मुलं का येतात?

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्या तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नुकत्याच रुजू झाल्या आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे आठवीत बरीच मुलं बाहेरून येतात. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे विज्ञान मंडळ आणि हरित सेना, म्हणजे मुलांचं पर्यावरण मंडळ, सोपवली. त्यांनी सूचना फलकावर नोटीस लावली, परिपाठाला माइकवरून सांगितलं. पहिल्या बैठकीला आली ती पाचवीपासून याच शाळेत असलेली, गावातली आठ-दहा मुलं. बाहेरून आलेली मुलं वर्गातही मागच्या बाकांवर आपापल्या गावाचा घोळका करून बसतात. त्यांना मंडळात रसच नाही असं समजायचं का? आणि मंडळामुळे मुलं खरोखर शाळेत रुळतात, की हे नुसतं अहवालात लिहिण्यापुरतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रुळतात. मी विज्ञान शिकवते आणि माझी नोकरी बरीचशी मराठवाड्यातल्या अशाच शाळांमध्ये गेली आहे. वर्गात जे मूल वर्षभर तोंड उघडत नाही ते मंडळात महिन्याभरात भांडायला लागतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मात्र त्यासाठी एक गोष्ट घडावी लागते: आपण आलो नाही तर इथे कुणाचं तरी काहीतरी अडेल, असं त्या मुलाला वाटलं पाहिजे. 'सर्वांनी यावे' या नोटिशीतून तसं कुणालाच वाटत नाही.

रसाचं म्हणाल तर ही मुलं सातवीत काय करत होती ते एकदा त्यांना विचारून बघा. दोन-तीन खोल्यांच्या शाळेत सातवीचं पोर म्हणजे मोठा माणूस. घंटा तेच देतं, परिपाठ तेच घेतं, खिचडी वाढायला तेच, गुरुजी मीटिंगला गेले की पहिली-दुसरीला सांभाळायलाही तेच. पंधरा ऑगस्टला रांगोळी कुठे आणि खुर्च्या कुठे, सगळं त्याला ठाऊक. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते तुमच्या शाळेत येतं आणि एका दिवसात त्याच्याकडची सगळी कामं जातात. इथे माइक कुणी धरायचा हे पाचवीपासून ठरलेलं असतं. प्रयोगशाळेच्या किल्लीपासून ते पाहुण्यांच्या गुच्छापर्यंत प्रत्येक कामाला मालक असतो. प्रयोगशाळा नेमकी कुठली खोली, हेसुद्धा नव्या मुलाला ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. अशा वेळी आपल्या गावच्या चौघांबरोबर मागच्या बाकावर बसणं हे शहाणपणाचंच आहे. त्याला निरुत्साह म्हणू नका.

यात तुकड्यांची भर पडते. बहुतेक शाळांत सेमी इंग्रजीची तुकडी आधीपासून भरलेली असते आणि बाहेरून आलेली मुलं 'क' किंवा 'ड' मध्ये जातात. मग गावातली मुलं आणि खेड्यातली मुलं एकाच इमारतीत असून दिवसभर एकमेकांच्या वाऱ्यालाही येत नाहीत. तुकड्या बदलणं तुमच्या हातात नाही. मंडळ मात्र आहे. शाळेत तुकड्या मोडून मुलं एकत्र बसवता येतील अशी जागा मला तरी मंडळाशिवाय फारशी दिसलेली नाही. म्हणून मी त्याला फावल्या वेळेचा उपक्रम मानत नाही.

आता एक साधी चौकशी करा. तुमची बैठक किती वाजता होती? शाळा सुटल्यावर असेल, तर उत्तर तिथेच सापडलं. खेड्यातल्या मुलाचा दिवस एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतो. मुलींचा तर फारच. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्याही धावतात. या गाड्यांमुळे कितीतरी मुलींचं आठवीनंतरचं शिक्षण टिकलंय. पण गाडी शाळा सुटण्याच्या वेळेला येते आणि ती चुकली तर पुढची कधी, याची खात्री नसते. एकदा मुलगी उशिरा घरी पोहोचली की दुसऱ्या दिवशी तिच्या मंडळाचाच नव्हे, शाळेचाही विचार घरात सुरू होतो. तेव्हा सुटल्यानंतरचं मंडळ म्हणजे गावातल्या मुलांचं मंडळ, कितीही खुलं ठेवा.

बैठक शाळेच्या वेळेतच बसवा. मला शनिवार सगळ्यात सोयीचा वाटतो. सकाळची शाळा, मुलं मोकळी, शिक्षकही जरा सैल. मुख्याध्यापकांना पटवायला आधार हवा असेल तर राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत. आठवी त्यात बसते. नववीसाठी कार्यानुभवाची तासिका मागा. दर आठवड्याला जमलं नाही तर एक आड एक शनिवार घ्या, पण वार आणि वेळ हलवू नका. आज मैदानावर, पुढच्या वेळी कळवू, असं झालं की ज्यांच्यापर्यंत निरोप पोहोचतो तेच येतात आणि निरोप नेहमी त्याच दहा जणांपर्यंत पोहोचतो.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य करते. तुमच्याकडे सहकारी शिक्षक किती, संस्थाचालकांचा कल काय, दोन पाळ्यांची शाळा आहे का, खोली मिळते का, यावर बरंच ठरेल. दोन पाळ्या असतील तर शनिवारसुद्धा सोपा नाही. तिथे मी मधल्या सुट्टीला जोडून वीस मिनिटं मागून घेते आणि काम लहान करते. आमच्या भागातली कारणं तुमच्या भागाला जशीच्या तशी लागू पडतील असंही नाही. आदिवासी भागातल्या आश्रमशाळेत एस.टी.चा प्रश्न नाही, पण भाषेचा असतो. मुंबईजवळच्या शाळेत मुलं चालत येतात, पण घरी गेल्यावर कामाला लागतात. तुम्ही आधी एवढंच शोधा की आपल्याकडे मूल न येण्यामागे घड्याळ आहे, अंतर आहे की संकोच आहे. तिन्हींवरचे उपाय वेगळे.

संकोचावर नोटिशीचा उपयोग नाही, बोलावण्याचा आहे. मी प्रत्येक नव्या मुलाला एकट्याने, वर्गाबाहेर, जाता जाता सांगते, आणि कारण देऊन सांगते. "तू मंडळात ये, तुला छान वाटेल" यावर मुलं मान हलवतात आणि येत नाहीत. "तुझ्या वाडीला जुने कडुनिंब आहेत ना? आपल्याला निंबोळ्या हव्यात. शनिवारी आणशील का, आणि किती दिवसांपूर्वी पडलेल्या आहेत ते बघून आण" असं म्हटलं की ते मूल येतं, बहुधा सोबत एक भावंड घेऊन. शक्य असेल तर हे बोलावणं नववीतल्या अशा मुलाकडून जाऊ द्या जे स्वतः मागच्या वर्षी बाहेरून आलं होतं. त्याच्या शब्दाला तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा वजन असतं.

पहिल्या बैठकीत परिचयाचा कार्यक्रम ठेवू नका. उभं राहून पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात, हे सांगायला लावलं की महाराष्ट्रात काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आडनाव ऐकलं की खोलीतला प्रत्येकजण मनात एक कप्पा उघडतो, आणि वडिलांच्या कामावरून दुसरा. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वर्गात जातीची नावं घेऊन मुलांना उभं करणारे लोक आजही आहेत. त्या मुलाने हा अनुभव घेतलेला असतो, मंडळात तो पुन्हा नको. पहिल्या दिवशी मी फक्त पहिलं नाव वापरते आणि तेही काम करता करता. चार-चार जणांचे गट मी आधीच पाडून ठेवते: दोन जुनी, दोन नवी, दोन तुकड्यांतली, आणि एका गावची दोघं एकत्र. नव्या मुलाला एकट्याला अनोळखी गटात टाकलं तर ते पुढच्या वेळी येत नाही. सोबतीला एक ओळखीचं माणूस असलं की निभतं. गट मुलांना पाडू दिले तर सगळ्यात शेवटी कोण उरतं ते सगळ्यांना दिसतं, आणि जे उरलं त्याला तर जन्मभर आठवतं.

मग काम कोणतं? इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. मंडळाचं काम असं निवडा की ज्यात पाचवीपासूनच्या मुलांना आपोआप वरचढपणा मिळणार नाही. वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, पॉवरपॉइंट, यात ती आधीच पुढे असतात. त्याने सुरुवात केली तर वर्गातलीच उतरंड मंडळात येऊन बसते. रोपवाटिकेने सुरुवात केली तर गणित उलटं होतं.

आता जून चालू आहे, निंबोळ्या पिकून पडतायत. कडुनिंबाच्या बीची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. काही आठवड्यांतच ती झपाट्याने कमी होते. म्हणून ताजी पिकलेली निंबोळी हवी, गर धुऊन काढायचा, बी सावलीत वाळवायचं आणि लवकर लावायचं. शहरात वाढलेल्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं. ते दुकानातून बी आणायला निघतं. बहाव्याचं बी नेमकं उलट, टणक कवचाचं, वर्षानुवर्षं टिकणारं. ते खरखरीत फरशीवर घासावं लागतं किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं लागतं, नाहीतर महिनोन् महिने तसंच पडून राहतं. चिंचोके भिजवून लावले की सहज येतात. आणि बाभळीचं बी कुठे मिळतं हे विचारा. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि त्यातून गेलेलं बी चांगलं उगवतं. ते गोळा करायची जागा म्हणजे शेळ्यांचा गोठा. ज्या मुलाच्या घरी शेळ्या आहेत ते मूल शाळेत हे कधी सांगत नाही, लपवतं. हरित सेनेच्या बैठकीत ते एकटंच त्या गोष्टीचं जाणकार असतं आणि बाकीचे त्याला विचारून विचारून वहीत लिहून घेत असतात.

यात कुणावर उपकार नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. "चला, आपल्या खेड्यातल्या मित्रांचं कौतुक करूया" अशी टाळी मुलांना लगेच ओळखू येते आणि ती टोचते. इथे खरोखर त्यांच्यावाचून बी मिळत नाही. साहित्यही फुकटचं आहे: दुधाच्या रिकाम्या पिशव्या, खाली दोन-चार भोकं, माती, वाळू आणि शेणखत. राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ पासून आहे आणि आपल्याकडे ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत चालते. त्यांच्या रोपवाटिकेतला माणूस एकदा शाळेत बोलावला तर आनंदाने येतो. पाण्याची पाळी मात्र गटाने ठरवू द्या. गावातली मुलं सुट्टीच्या दिवशी पाणी घालू शकतात, बाहेरची नाही. त्यामुळे त्यांचंही काम अडतं कुणावाचून तरी. दोन्ही बाजूंनी अडायला हवं.

या 'अडण्या'ला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात शाळांमधली वर्णभेदाची वाटणी मोडून गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली तेव्हा वर्गावर्गात तणाव होता. १९७१ मध्ये इलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिथे धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर प्रत्येकाचं ऐकून घेण्यावाचून इलाज नाही. ज्याच्या बोलण्याला हसायचे, त्याचंच आता लक्ष देऊन ऐकावं लागलं. मी हेच भित्तीपत्रकासाठी करते. पावसावरचा अंक असेल तर एकाकडे त्याच्या गावच्या विहिरींची पातळी, एका मुलीकडे आजीकडून ऐकलेली नक्षत्रांची आणि पेरणीची माहिती, एकाकडे शाळेत बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, एकाकडे तहसीलमधून आणलेले आकडे. संपादक कुणीही असो, एक तुकडा नसला तर अंक लागत नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बैठक शाळेच्या वेळेत, बोलावणं एकेकाला आणि कारणासकट, गट तुम्ही पाडलेले, आणि काम असं की ज्यात नव्या मुलाजवळचं काहीतरी लागतं. पुढचे मुद्दे याच्या नंतरचे आहेत. एवढं झालं नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

तुमच्या भागातून ऊसतोडीला लोक जातात का? जात असतील तर मंडळाचं वर्षभराचं वेळापत्रक एकदा तपासा. आपल्या शाळांत सगळं मोठं काम गॅदरिंगच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत. आणि ही कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे मंडळाचा ज्या वेळी झगमगाट असतो नेमकी तेव्हा ती मुलं नसतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात थांबतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला न्याव्याच लागतात. म्हणून मंडळाचं मुख्य काम जून ते सप्टेंबरमध्ये ठेवते आणि हिवाळ्यात जे असेल ते दुरूनही करता येईल असं.

यासाठी माझा आवडता उपक्रम आकाशाचा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं. त्याचे चार तारे जोडून होणाऱ्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचं, चंद्र नसेल अशा रात्री, आपापल्या घरून. तालुक्याच्या गावात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे फारच थोडे दिसतात. खेड्यात जास्त. आणि उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त. ते वडिलांच्या फोनवरून आवाजी निरोप पाठवतं आणि आकडा तक्त्यावर लागतो, त्याच्या नावासह. प्रकाशामुळे आकाश कसं झाकोळतं हे शिकवायला याहून चांगली नोंद नाही, आणि त्या नोंदीतला सगळ्यात मौल्यवान आकडा गैरहजर मुलाचा असतो. त्याचं नाव हजेरीपटावरून काढू नका. परत आल्यावर ते पुन्हा नवं पोर होऊन मागच्या बाकावर बसता कामा नये.

पदाधिकारी निवडण्याची घाई करू नका. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी नावं पहिल्याच आठवड्यात फलकावर गेली की ती गुणांप्रमाणे किंवा ओळखीप्रमाणे जातात आणि वर्षभर तशीच राहतात. मी पदांऐवजी कामं ठेवते: किल्ली, नोंदवही, साहित्य, पाणी, फलक, पुढच्या बैठकीचा निरोप. दर महिन्याला फिरती. निरोपाचं काम मुद्दाम बाहेरून आलेल्या मुलाकडे द्या. त्याला दोन्ही-तिन्ही तुकड्यांत जावं लागतं, प्रत्येक वर्गात दारात उभं राहून "सर, येऊ का?" म्हणावं लागतं. महिनाभरात अख्खी शाळा त्याला नावाने ओळखते. किल्लीचंही तसंच. नव्या मुलाच्या हातात प्रयोगशाळेची किल्ली देण्याचा परिणाम दहा भाषणांनी होत नाही. शिपाईमामांना आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं.

चेष्टा होणार. बोलण्यावरून होईल, 'पानी' म्हटलं म्हणून होईल, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात म्हणून होईल, डब्यावरून होईल, गावाच्या नावावरून टोपणनाव पडेल. अशा वेळी सगळं थांबवून समतेवर भाषण द्यायला लागलं की ज्याची चेष्टा झाली त्याचा दुसऱ्यांदा पंचनामा होतो. मी जागच्या जागी, एका वाक्यात, चेष्टा करणाऱ्याकडे बघून सांगते, "इथे हे चालत नाही, पुढे बोल," आणि काम चालू ठेवते. नंतर त्याला एकट्याला गाठून बोलते. आणखी एक पथ्य मी स्वतःला घालून घेतलंय: मंडळात बोललेलं कुणाचंही मराठी दुरुस्त करायचं नाही. लेखी अंकात करूया, वर्गात करूया. पण मूल करंजाच्या रोपावर पडलेल्या किडीबद्दल तळमळीने सांगत असताना 'न'चा 'ण' करायला गेलात तर पुढच्या वेळी ते किडीबद्दल सांगणार नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी नको, पन्नास रुपयेसुद्धा नको. खाऊ प्रत्येकाने पाळीपाळीने आणायचा हा बेतही नको, ज्याच्या घरी जमत नाही ते त्या दिवशी आजारी पडतं. स्काऊट-गाइड आणि एनसीसी चांगल्याच आहेत, पण स्काऊटला गणवेशाचा खर्च आहे आणि एनसीसीत जागा मोजक्या. ज्या मुलाला तिथे जागा मिळाली नाही त्याच्यासाठी तरी आपलं मंडळ बिनखर्चाचं असावं.

स्पर्धांचं प्रकरण नाजूक आहे. तालुका विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुख्याध्यापक म्हणणार, "चांगली मुलं द्या." तुम्ही नवीन आहात, नाही म्हणणं अवघड जाईल. म्हणू नकाही. प्रदर्शनाला कोण जाणार ते ठरवा, पण मंडळाचं सगळं वर्ष त्या दोघांच्या प्रतिकृतीसाठी राबवू नका. याउलट मुलांच्या कल्पनांना पैसे देणारी केंद्र सरकारची इन्स्पायर मानकसारखी योजना आपल्या कामाची आहे. शाळेला पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात आणि निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. तिथे मॉडेलचा चकचकीतपणा लागत नाही, रोजच्या अडचणीवरचा उपाय लागतो. एक खोका ठेवा, सगळ्या तुकड्यांकडून चिठ्ठ्या घ्या, नाव मागच्या बाजूला लिहायला सांगा आणि नाव न बघता निवडा. कापूस वेचताना बोटांना काय लागतं, हंडा उचलताना कुठे दुखतं, पंपाचं स्टार्टर रात्री चालू करायला जाताना काय होतं, हे ज्यांनी केलंय त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. पाचही नावं एकाच तुकडीतली निघाली तर खोका दुसऱ्या तुकड्यांपर्यंत पोहोचलाच नाही असं समजा.

मुलींसाठी आणखी एक पाऊल टाकावं लागतं. शाळेबाहेर जायचं असेल, अगदी शेजारच्या रोपवाटिकेत, तर आईशी आधी बोला. चिठ्ठीवर सही वडिलांची येते, पण परवानगी बहुधा आईकडून मिळालेली असते. सोबत एक शिक्षिका हवीच, आणि परतीची वेळ तंतोतंत पाळा. एकदा पाळली की पुढच्या वेळी विचारावं लागत नाही. मंडळात मुलं मोकळी होतात तेव्हा कधी कधी घरचं किंवा बाहेरचं काही गंभीरही सांगतात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तिथे देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका जरी असली तरी पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची सखी सावित्री समिती कागदावर असेल तर तिच्यावर कोण आहे ते आजच बघून ठेवा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक मंडळाच्या फलकावर कायमचा लिहून टाका.

दिव्यांग मूल असेल तर बैठक तळमजल्यावर घ्या आणि काय जमेल ते त्यालाच विचारा. आपण परस्पर ठरवलेली 'सोपी कामं' बहुतेक वेळा कंटाळवाणी असतात.

आणि हो, सगळ्यांनी आलंच पाहिजे असंही नाही. काही मुलांना खरोखर मैदान आवडतं, काहींना मधल्या सुट्टीत शांत बसायला आवडतं. दोन-तीनदा येऊन एखादं मूल नको म्हणालं तर कारण विचारा, दार उघडं ठेवा आणि सोडून द्या. न बोलणारं मूल म्हणजे बाहेर पडलेलं मूल, असंही समजू नका. मी एक गोष्ट बघते. एखादं मूल आलं नाही तर "ते का आलं नाही?" असं मुलांपैकी कुणी विचारतं का? आपण हजेरी घेण्याआधी विचारतं का? दिवाळीपर्यंत नव्या मुलांपैकी बहुतेकांबद्दल कुणी ना कुणी विचारत असेल तर तुमचं मंडळ चाललंय. मधल्या सुट्टीत डबे कोण कुणाबरोबर उघडतंय हेही लांबून बघा. तिथे बदल उशिरा होतो, काही वर्षी होतच नाही. एका वर्षात गावाचे घोळके मोडतील ही अपेक्षा ठेवू नका. घोळक्याबाहेर एक-दोन माणसं ओळखीची झाली तरी आठवी-नववीच्या पोराला शाळेत यायला पुरतं.

राहिला मुख्याध्यापकांचा कागद. ते महिनाअखेर पदाधिकाऱ्यांची यादी, उद्घाटनाचा फोटो आणि इतिवृत्त मागतील, मागायलाच हवेत, त्यांनाही वर दाखवायचं असतं. यादीत पदाच्या जागी कामं लिहा आणि खाली 'जबाबदाऱ्या दरमहा बदलतील' एवढी एक ओळ टाका. कुणी हरकत घेत नाही. उद्घाटनाला पाहुणे आलेच तर त्यांच्या हस्ते निंबोळीच लावून घ्या. इतिवृत्त मुलांकडून लिहून घ्या, त्यांच्याच भाषेत, पाळीपाळीने, आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी एक रकाना ठेवा: आज कोण आलं नाही, आणि त्याला निरोप कोण देणार.